शिल्डनचे लोकोमोशन

इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनहून बिशप ऑकलंडकडे जाणारी गाडी हाइंग्टनला जेमतेम मिनिटभर थांबली, पण त्या मिनिटासाठी मी आधीपासूनच दाराशी येऊन उभा होतो. न्यूकॅसलच्या कारखान्यात तयार झालेले ‘लोकोमोशन’ इंजीन सप्टेंबर १८२५ मध्ये रस्त्याने आणून इथेच रुळांवर चढवले गेले. आणि इथेच १८२८ मध्ये त्याचा बॉयलर फुटून चालक जॉन क्री प्राणास मुकला. पुढे न्यूटन एक्लिफ आणि मग शिल्डन. तिथल्या रेल्वे संग्रहालयात ते इंजीन आज उभे आहे.

वाफेची इंजिने त्याआधीही होती, मात्र सार्वजनिक रेल्वेवर वाफेने गाडी ओढण्याचा मान स्टॉकटन–डार्लिंग्टन मार्गाचा. २७ सप्टेंबर १८२५ रोजी जॉर्ज स्टीफन्सनने स्वतः हे इंजीन चालवले, तेव्हा कोळशाच्या वाघिणींवरही माणसे चढून बसली होती.

जवळ गेल्यावर नजर वरच खिळते. दोन्ही सिलिंडर बॉयलरच्या पोटात उभे रोवलेले आहेत. त्यांचे दट्टे वर-खाली होत आडव्या तुळया उचलतात आणि त्या तुळयांच्या टोकांवरून लांब दांडे दोन्ही बाजूंनी चाकांपर्यंत उतरतात. त्याखाली पुढचे-मागचे चाक जोडणारी साधी आडवी दांडी दिसते. पूर्वीच्या इंजिनांत हे काम साखळी करीत असे. या दांडीपाशी मी सर्वाधिक वेळ रेंगाळलो, कारण पुढे शंभराहून अधिक वर्षे वाफेची इंजिने तिच्याच आधाराने धावली. मी ठाण्याचा, १८५३ मध्ये बोरीबंदरहून आमच्या गावी पहिली गाडी आली, त्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा सल्लागार अभियंता जॉर्जचा मुलगा रॉबर्ट स्टीफन्सन, आणि हे इंजीन घडवणारा कारखाना त्याच्याच नावाचा, हे आठवून मन भरून आले.

या इंजिनाची खरी कहाणी मात्र दुरुस्तीची आहे. सुरुवातीची इंजिने वारंवार बंद पडत, पुरेशी वाफ धरत नसत, आणि प्रवाशांचे डबे तर १८३३ पर्यंत घोडेच ओढत होते. ती इंजिने चालती ठेवली या रेल्वेच्या इंजिनांची देखभाल पाहणाऱ्या टिमोथी हॅकवर्थने. त्याने १८२७ मध्ये शिल्डनलाच सहा चाकांचे ‘रॉयल जॉर्ज’ उभे केले आणि बॉयलरमधली आगीची नळी टोकाशी वळवून परत आणली, म्हणजे तीच उष्णता पाण्याला दुप्पट अंतरभर मिळावी. स्फोटानंतर ‘लोकोमोशन’ही पुन्हा बांधले गेले. त्यामुळे समोरचे सगळे लोखंड १८२५ चे नाही, आणि माझ्या मते त्याने त्याचे मोल वाढतेच.

हॅकवर्थचे घर याच आवारात आहे. परतीच्या गाडीला अवकाश होता, म्हणून उरलेला वेळ मी त्या घरासमोर घालवला.