पडद्यामागे खरं कोण गायलंय ते शोधताना

जुन्या हॉलिवूड म्युझिकल्समधे हिरॉइनसाठी कोण गायलंय हे टायटल्समधे बहुतेक वेळा सापडतच नाही, स्टुडिओ ती नावं द्यायचेच नाहीत, म्हणून मी कानाने शोधायला सुरुवात केली. हेडफोन लावायचे आणि बोलणं संपून गाणं जिथे सुरू होतं तेवढाच तुकडा परत परत ऐकायचा. श्वास कुठे घेतलाय, स्वर लांबवताना आवाज कसा थरथरतो, शब्द कसा सोडलाय.

सगळ्यात जास्त शिकवलं ते 'माय फेअर लेडी'तल्या (1964) 'जस्ट यू वेट'ने. सुरुवातीला ऑड्री हेपबर्न स्वतः गातेय, चिडून, आणि मधे गाणं उंच सुरात जातं तिथे पडद्यामागची गायिका मार्नी निक्सन येते, मग शेवटी परत ऑड्री. हा बदल एकदा कानात बसला की बाकीच्या गाण्यांतही मार्नी ओळखू येते. 'द किंग अँड आय'मधे (1956) मात्र खूप अवघड गेलं, कारण तिथे डेबोरा कर आणि मार्नीने बरोबर बसून तयारी केली होती, जोड सापडतच नाही.

'वेस्ट साइड स्टोरी'ची (1961) गोष्ट वाचून तर वाईट वाटलं. नॅटली वुडने आपलाच आवाज राहणार असं समजून गाणी रेकॉर्ड केली, शूटिंगही झालं, आणि नंतर तिच्या ओठांच्या हालचालीवर मार्नीला सूर बसवायला लागले, दुसरीच्या श्वासावर गायचं म्हणजे केवढं कठीण काम आहे ते! आणि तरी टायटल्समधे नाव नाही. संगीतकार लिओनार्ड बर्नस्टाइनने स्वतःच्या रॉयल्टीतला थोडा हिस्सा तिला दिला, त्या माणसाबद्दल माझा आदर खूप वाढला.

'सिंगिंग इन द रेन'ची (1952) तर कथाच एका नटीला दुसरीने आवाज देण्याची, आणि त्यात जी आवाज देताना दिसते त्या डेबी रेनॉल्ड्ससाठी 'वुड यू?' गायली बेटी नॉयस, नाव न देता. मला खरंच राग आला.

पडद्यामागची आणखी एक गायिका इंडिया ॲडम्स, तिचं 'टू-फेस्ड वुमन' हे गाणं तर नटी सिड शरीससाठी रेकॉर्ड केलेलं, ते 'द बँड वॅगन'मधून कापलं आणि तेच रेकॉर्डिंग त्याच वर्षी, 1953 ला, 'टॉर्च साँग'मधे जोन क्रॉफर्डच्या तोंडी घातलं. तो कापलेला सीन आणि 'टॉर्च साँग'मधला सीन लागोपाठ बघा, आवाज तोच. माझ्या यादीत आता गाण्यापुढे आधी गाणारीचं नाव असतं, नटीचं नंतर.