लिस्बनमध्ये एकच दिवस असेल तर

लिस्बनला एकच दिवस मिळतोय म्हणून ते वगळू नका, फक्त सुरुवात नदीकाठच्या बेलेम भागापासून करा आणि सोमवार टाळा, कारण त्या दिवशी तिथला जेरोनिमोस मठ बंद असतो. आम्ही मे महिन्यात गेलो होतो, बरोबर आई होती आणि तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे सगळा प्लॅन चढ-उतार बघूनच केला होता.

सकाळी मेट्रो स्टेशनवर अर्ध्या युरोचं कार्ड घेऊन त्यावर 24 तासांचा पास टाकला. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. मग फिगेइरा चौकातून 15 नंबरची ट्राम पकडून बेलेम. मठ उघडायच्या आधीच पोचा, नंतर उन्हात भली मोठी लाईन लागते. आतल्या कोरीव अंगणाला तिकीट आहे, चर्चची लाईन वेगळी आणि ते फुकट बघता येतं.

चर्चमध्ये शिरल्या शिरल्या वास्को द गामाची कबर आहे. संगमरवरात हात जोडून झोपलेला माणूस, बाजूला कोरलेलं शिडाचं जहाज आणि पीळ घातलेले दोर. हा माणूस 1524 मध्ये कोचीत वारला, अवशेष नंतर इकडे आणले. आणि हा अख्खा मठ ज्या पैशातून उभा राहिला त्यात आफ्रिका आणि आपल्या पूर्वेकडच्या व्यापारावरचा कर होता! शाळेत एका ओळीत संपवलेला इतिहास इथे छतापर्यंत चढलेल्या दगडी खांबांमधे दिसतो, मी तर तिथून लवकर हललेच नाही. ज्यांना कोकण-गोव्याच्या इतिहासाची ओढ आहे त्यांनी इथे घाई अजिबात करू नका, बेलेमचा बुरूज बाहेरून बघितला तरी चालेल.

शेजारीच 1837 पासून चालू असलेलं पाश्तेइश द बेलेम, कस्टर्ड टार्टचं दुकान. बाहेरची लाईन पार्सलची असते, सरळ आत जाऊन बसा, आत निळ्या टाईल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत, जागा मिळते. टार्ट गरमच येतो, वर दालचिनी भुरभुरवायची, पहिल्या घासाला पापुद्रे कुरकुरीत फुटतात आणि आतलं कस्टर्ड जिभेला चटका देतं. माणशी दोन तरी सांगाच. अंडं न खाणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, त्यात पिवळा बलक भरपूर असतो.

दुपारी जेवायला टुरिस्ट मेनूचे बोर्ड सोडून गल्लीतल्या साध्या खानावळीत जा आणि 'प्रातु दु दिया' म्हणजे आजचं ताट विचारा, स्वस्त आणि ताजं. टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं, नको असेल तर हात न लावता परत द्या. कोबीवर्गीय पानांच्या काल्दु व्हेर्द सूपमध्ये सॉसेजची चकती असते, आईसाठी मांस नको असं आधीच सांगितलं. आणि कॅफेच्या काउंटरवर 'शामुसा' दिसला तर घ्या, गोव्याहून आलेला आपलाच समोसा, पण शाकाहारी आहे का ते विचारूनच.

आल्फामा हा टेकडीवरचा जुना भाग बघायला 28 नंबरच्या ट्रामसाठी ताटकळू नका, गर्दी फार आणि पाकीटमारही. 737 बसने किल्ल्यापर्यंत वर जा आणि चालत खाली उतरा, गुडघ्यांना सोपं पडतं. रस्त्याचे पांढरे दगड गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की घसरतात, ग्रिपचे बूट हवेतच. उतरताना सांता लुझिया चर्चपाशी थांबून नदी बघा आणि चर्चच्या बाहेरच्या भिंतीवरचं टाईल्सचं चित्र शोधा, त्यात 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपाआधीचा नदीकाठचा चौक आहे. त्या भूकंपानंतर खालचं शहर सरळ रेषेत नव्याने बांधलं, आल्फामाच्या वाकड्या गल्ल्या मात्र बऱ्याच टिकल्या, वरून हा फरक लगेच कळतो.

संध्याकाळी रोसियो चौकाजवळ साओ दोमिंगोसचं चर्च बघा, 1959 च्या आगीत तडकलेले खांब तसेच ठेवलेत. समोरच्या छोट्या दुकानात जिंजिन्या, म्हणजे आंबट चेरीची दारू, उभ्या उभ्या पितात, चेरीसकट मागा. फ्लाईट असेल तर एअरपोर्टला मेट्रोची रेड लाईन जाते (रोसियोहून निघालात तर वाटेत लाईन बदलावी लागते), सकाळचाच पास चालतो.