पटाबरोबर गाणंही टिकावं म्हणून: बंगालच्या पटुआ गायकांचं डिजिटल दस्तऐवजीकरण

पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातल्या पिंगला भागात नया हे पटुआंचं, म्हणजे पट (चित्रांची लांब गुंडाळी) रंगवून त्यावरची कथा गाणाऱ्या कलाकारांचं गाव आहे. इथली कुटुंबं 'चित्रकार' आडनाव लावतात, धर्माने मुसलमान आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या मनसा (सर्पदेवता), चंडी, कृष्णलीला, सत्यपीर, गाजी पीर यांच्या कथा कागदावर रंगवून गात आली आहेत. पट हळूहळू उलगडत जायचं, चौकटीवर बोट ठेवायचं आणि त्या चौकटीचं कडवं म्हणायचं. पिंगुळीची चित्रकथी पाहिलेल्याला ही रीत ओळखीची वाटेल. तिथे सुटी पानं एकामागून एक दाखवतात, इथे चौकटी एकाच लांब गुंडाळीवर एकाखाली एक असतात. चित्राला आज गिऱ्हाईक आहे. 'पट माया' उत्सवात लोक गावात येऊन पट विकत नेतात. गाणं मात्र ऐकलं तर ऐकलं, नाहीतर तसंच राहतं. म्हणून ही गाणी रेकॉर्ड करून जपताना आम्ही एक कसोटी धरली: कुठली ओळ कुठल्या चौकटीवर येते हे ज्या नोंदीतून कळत नाही, ती नोंद अपुरी.

ही कसोटी उगाच नाही. लोककलांचे संग्राहक गुरुसदय दत्त यांनी बंगालचे पट जमवले आणि पटुआंच्या गाण्यांचे शब्द १९३९ मध्ये छापून ठेवले. ते काम झालं नसतं तर कितीतरी गाणी नावालाही उरली नसती. पण छापील ओळींत चाल नाही, दम कुठे घ्यायचा ते नाही, बोट कुठल्या चित्रावर आहे ते नाही.

पहिलं काम परवानगीचं. कागदावर सही घेऊन भागत नाही. बंगालीत समजावून सांगून गायकाचं उत्तर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच आवाजात घेतो. प्रश्न चार वेगवेगळे विचारावे लागतात: फक्त संग्रहात ठेवायचं का, अभ्यासकांना ऐकवायचं का, इंटरनेटवर टाकायचं का, कोणी पैसे देऊन वापरणार असेल तर काय. एकाला होकार म्हणजे चारहींना होकार नव्हे. कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षांचा आहे, हेही सांगतो. काही पटुआंना दोन नावं असतात, एक हिंदू वळणाचं आणि एक मुसलमानी; नोंदीत कुठलं लावायचं हे त्यांनीच ठरवायचं.

गाणं उत्सवात रेकॉर्ड करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे गिऱ्हाइकासमोर दोन-तीन मिनिटांचा तुकडा गायला जातो. पूर्ण गाण्यात कथा असते, देवतेचं किंवा पिराचं माहात्म्य असतं आणि शेवटी भणिता, म्हणजे गायकाचं नाव-गाव सांगणारी ओळ. तुकड्यात आधी भणिताच गळते, आणि आम्हाला तर तीच हवी असते. नोंदीतलं नाव-गाव ताडून पाहायला ती उपयोगी पडते, आणि गाणं दुसऱ्याकडून आलेलं असेल तर कधी कधी तिच्यात जुन्या गायकाचं नाव सापडतं. म्हणून घरी, सकाळी, पाण्याचे पंप आणि लाउडस्पीकर सुरू व्हायच्या आत बसायचं. पावसाळा टाळायचा, पत्र्यावरचा पाऊस नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने निघत नाही.

माइक कॉलरला लावला की साडीचा किंवा गमछाचा घासण्याचा आवाज येतो. आम्ही छोट्या डायफ्रामचा कार्डिऑइड (समोरचा आवाज घेणारा, मागचा टाळणारा) कंडेन्सर माइक स्टँडवर, तोंडापासून ४०–५० सेंटिमीटरवर, थोडा वरून खाली झुकवून ठेवतो. त्याची पाठ पटाकडे राहिली पाहिजे, नाहीतर उलगडताना कागदाची करकर शब्दांवर चढते. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही (न दाबलेल्या) फाइलमध्ये. पातळी अशी की सर्वांत चढा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल (शून्यावर आवाज फाटतो). आपोआप आवाज कमीजास्त करणारी सोय बंद. ती चालू असली तर हळू म्हटलेली वंदना फुगते आणि टिपेचा स्वर दबतो, मग गायकीचा चढउतारच नाहीसा होतो.

कॅमेरे दोन: एक समोरून गायक आणि पूर्ण पट दाखवणारा, दुसरा फक्त बोट आणि चौकट पकडणारा. सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि ३० फ्रेमवर ट्यूबलाइटखाली चित्र लपलपतं. मोबाइल दुसरा कॅमेरा म्हणूनही टाळतो. त्याच्या फ्रेमचा वेग कमीजास्त होत राहतो आणि दहा-पंधरा मिनिटांच्या गाण्यात ओठ आणि आवाज वेगळे पडू लागतात. सुरुवातीला आणि शेवटी अशा दोन टाळ्या वाजवून खूण केली की असं सरकणं लगेच दिसतं.

पटाचे फोटो गाण्यानंतर, वेगळे काढतो. कागद जुन्या साडीच्या कापडावर चिकटवलेला असतो आणि रंग गोकर्णीची फुलं, हळद, शेंद्रीच्या बिया, दिव्याची काजळी यांपासून केलेले, बेलफळाच्या डिंकात खललेले. जुना पट गुंडाळीच्या वळणाला तडकलेला असतो. ताणून सपाट केला तर रंगाची खपली उडते. कडांवर वाळूच्या छोट्या कापडी पिशव्या ठेवून जेवढा सरळ होईल तेवढाच करायचा. दोन दिवे ४५ अंशांवर, बाजूला रंगपट्टी आणि मोजपट्टी, कॅमेरा कागदाला समांतर. मूळ आकाराला इंचाला ३०० पिक्सेल हवे असतील तर २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची ६,००० पिक्सेलची बाजू जेमतेम २० इंच व्यापते. त्याहून रुंद चौकट दोन भागांत, भरपूर ओव्हरलॅप ठेवून. वनस्पतींचे रंग प्रकाशाने उडतात, म्हणून दिवे फोटोपुरतेच लावायचे.

सगळ्यांत जास्त वेळ जुन्या कॅसेटी खातात. घरोघरी आणि अभ्यासकांच्या कपाटांत त्या पडून आहेत आणि बंगालच्या दमट हवेत त्यांवर पांढरी बुरशी धरते. बुरशीच्या कॅसेटीसाठी यंत्र वेगळंच ठेवावं, हातमोजे आणि मास्क घालावेत. तेच यंत्र वापरलं तर बुरशी पुढच्या चांगल्या टेपवर जाते. प्रेशर पॅड (टेप हेडवर दाबून धरणारी छोटी गादी) निखळलेला असेल तर टेप स्क्रूने उघडणाऱ्या नव्या कवचात हलवायची. वाजवण्याआधी एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवायची. मग ॲझिमथ: हेडचा, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाचा कोन प्रत्येक कॅसेटीसाठी कानाने, वरचे स्वर सर्वांत स्वच्छ ऐकू येईपर्यंत जुळवायचा. हे राहिलं तर वरचा आवाज फाइलमध्ये उतरतच नाही आणि नंतर तो आणायला काही उपाय नाही. उतरवणं ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर. स्टिरिओत तासाला सुमारे २ जीबी. एका तासाच्या कॅसेटीला एकूण तीन तास धरावेत.

बॅटरी उतरत असताना केलेलं रेकॉर्डिंग ऐकताना गायकाचा सूर शेवटाकडे चढत जातो, कारण रेकॉर्ड करताना टेप मंदावलेली होती. मूळ फाइल तशीच ठेवायची, दुरुस्त प्रत वेगळी करायची आणि किती वेग बदलला ते नोंदवायचं. गोंगाट काढण्याबाबतही हाच नियम.

यानंतर आमच्या कसोटीचा भाग येतो. इलान (ELAN) या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज आणि व्हिडिओवर ओळी बसवतो: एका पट्टीत गायलेले शब्द, दुसरीत चौकटीचा क्रमांक, तिसरीत बोटाची हालचाल, चौथीत अर्थ. शब्द उच्चारल्याप्रमाणेच लिहायचे. कोलकात्यात शिकलेला मदतनीस न कळत मेदिनीपूरची बोली 'शुद्ध' करतो, म्हणून लिहिलेलं पुन्हा गायकापुढे वाचावंच लागतं. बाजारासाठी पट आखूड झाले, पण वयस्क गायकांच्या तोंडी जुनी कडवी आहेत. त्यांच्यापुढे चौकटीच्या जागी 'चित्र नाही' असं लिहितो. आमच्या मते सगळ्या संग्रहात याहून मोलाची नोंद नाही. तरुण चित्रकारांना त्यावरून हरवलेली चौकट पुन्हा रंगवता येते.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत, मोकळी जागा न सोडता, वर्ष आधी. पण शीर्षक बंगाली लिपीतही हवंच. एकच मनसा रोमनमध्ये तीन तऱ्हांनी लिहिली जाते आणि शोधताना सापडत नाही.

व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिटचा असेल तर एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी होतात. तीन प्रती ठेवतो: दोन वेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या शहरात, आणि तिसरी क्लाउडवर. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा अंकी ठसा) पहिल्याच दिवशी काढून दर सहा महिन्यांनी ताडून पाहतो. यूट्यूबवर टाकलेला व्हिडिओ ही संग्रहातली प्रत नव्हे. तिथे फाइल दाबून लहान केलेली असते आणि खातं बंद पडलं की तीही जाते. मोठ्या मुदतीसाठी गुरुग्रामच्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ पासून चालणारं संगीतसंग्रह केंद्र आहे, तशा संस्थेकडे प्रत ठेवण्याचं आधीच बोलून घ्यावं. त्यांचे नोंदीचे तक्ते सुरुवातीपासून वापरले तर दुबार काम वाचतं.

गायकाची प्रत मेमरी कार्डवर द्यायची, साध्या ऑडिओ फाइली करून, प्रत्येक गाण्याच्या नावाने. व्हॉट्सॲपने पाठवलेली फाइल फोन बदलताना हरवते. ही प्रत ऐकून गायक चौकटींचा क्रम, एखादा शब्द, कोणाकडून शिकलो ते नाव दुरुस्त करतात. ती दुरुस्ती जुन्या नोंदीवर न लिहिता तारखेसह नवी आवृत्ती म्हणून भरायची.