आमची वाटचाल : मागची दोन चाकं आणि पुढची एक पिन

आम्ही छोट्या ट्रॅक्टरची मागची चाकं बाहेर काढून देतो आणि वजन खाली आणून देतो, म्हणजे उतारावर गवत कापताना ट्रॅक्टर कलंडायला सहजासहजी तयार होत नाही. धंदा एवढाच. चाक बाहेर काढायचं म्हणजे चाक आणि हब यांच्यामध्ये जाड तुकडा घालायचा, तो स्पेसर. हब म्हणजे अॅक्सलच्या टोकाचा भाग, त्याच्या स्टडवर, म्हणजे आटे पाडलेल्या दांड्यांवर, चाक नटांनी आवळतात. लोक आम्हाला "स्पेसरवाले" म्हणतात आणि तिथंच डोकं फिरतं, कारण स्पेसर काय, कोणीही लेथवाला कापून देईल.

सुरुवात दोघांनी केली, मी आणि लेथवरचे काका. काका नात्यातले नाहीत, आधीच्या कारखान्यात ते टर्नर होते आणि मी फॅब्रिकेशनला, तो कारखाना बंद पडला तेव्हा दोघांच्या हिशोबाच्या पैशात एक जुना लेथ, पिलर ड्रिल आणि वेल्डिंगचा सेट घेतला. लेथ एवढा झिजलेला होता की काका त्याच्या खोडी लक्षात ठेवून उलट्या बाजूने चुकवायचे. पण फिटिंग त्यांचंच. स्पेसरची मधली कॉलर, म्हणजे गोल कडा, हबवर बसते ना, ती बसताना आतली हवा दाबून बाहेर पडल्याचा बारीक फुस्स आवाज यायला पाहिजे असं त्यांचं म्हणणं, नाही आला की पीस बाजूला. ग्राहक दारात उभा असला तरी बाजूला. मी किती वेळा म्हणालो काका जाऊ द्या, नट आवळले की बसतंय, ते मान वर न करता म्हणायचे, "वजन कॉलरने घ्यायचं असतं, स्टडने नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पहिली काही वर्षं चांगली गेली. दोन-तीन डीलर माल उचलायचे, आणि मग तो आला. नाव घेत नाही, लाइनमधल्यांना माहीत आहे. त्याने आधी आमच्याकडूनच एक सेट मागवला, मागवताना ट्रॅक्टरचं मॉडेल विचारलं तर म्हणाला "कुठल्याही मॉडेलचा द्या." काका तेव्हाच म्हणाले होते, याच्याकडे ट्रॅक्टर नाही.

मग बाजारात त्याचा माल आला. रंगीत खोकं, आत चारही चाकांचा सेट, आमच्यापेक्षा बराच स्वस्त. आमचा स्पेसर म्हणजे पूर्ण टर्न केलेला पोलादी तुकडा, तो हबच्या स्टडवर आपल्या नटांनी आवळायचा आणि त्याचे स्वतःचे स्टड बाहेर, त्यावर चाक. त्याचा म्हणजे भोकं पाडलेली चकती, कॉलर नाही, आणि सोबत लांब स्टड, ते हबमधले जुने स्टड काढून तिथं घालायचे. म्हणजे चाकाचा सगळा धक्का लांब स्टडच्या वाकण्यावर. आणि खोक्यावर छापलेलं, "३० डिग्री उतारापर्यंत सुरक्षित." आमच्या पत्रकावर १५ लिहिलेलं होतं, आजही तेच आहे. डीलर विचारायचे, त्याचा ३० ला चालतो, तुमचा १५ लाच कसा काय?

आता या ३० चं काय ते एकदा नीट सांगतोच, कारण तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

सगळे धरून चालतात की ट्रॅक्टर चार चाकांवर उभा आहे. नाही. पुढचा अॅक्सल मधल्या पिनवर डुलतो, त्यामुळे डुलणं स्टॉपरला अडकेपर्यंत पुढची रुंदी काही धरत नाही. ट्रॅक्टर उभा असतो त्रिकोणावर, मागची दोन चाकं आणि पुढची ती एक पिन. समजा मागच्या चाकांतलं अंतर १ मीटर, वजनाचा मध्य जमिनीपासून ६० सेंटीमीटर वर. चार चाकांचं गणित केलं तर कलंडायची डिग्री येते ४०. त्रिकोणाचं केलं, पिन जमिनीपासून ३५ सेंटीमीटरवर आणि वजनाचा मध्य मागच्या अॅक्सलपासून ४० टक्के पुढं धरला, की तीच येते ३३. हे झालं गुळगुळीत उतारावर उभ्या ट्रॅक्टरचं. आता चढाकडचं मागचं चाक १० सेंटीमीटरच्या दगडावर चढलं आणि उताराकडचं तेवढ्याच खड्ड्यात गेलं, गवतात दोन्ही दिसत नाहीत, तर ११ डिग्री तिथंच गेल्या. राहिल्या २२. मग टायर दबतो, वेग असतो, स्टेअरिंगचा झटका असतो, आणि ड्रायव्हर पण असतो. १५ उगाच नाही लिहिलेलं.

आणि याच त्रिकोणामुळे पुढच्या चाकांना स्पेसर घालून पदरात फारसं काही पडत नाही, फक्त किंगपिन (पुढचं चाक वळतं ती पिन) आणि बेअरिंगवर जादा ताण. आम्ही पुढचा सेट कधीच बनवला नाही. त्याने चारही विकले आणि लोकांना वाटलं आम्ही अर्धाच माल देतो!

मागं मात्र फरक पडतो. दोन्ही बाजूंना १० सेंटीमीटर बाहेर काढलं की वरच्या हिशोबात ३३ चे ३८ होतात, आणि तोच दगड-खड्डा आता ११ च्या जागी साडेनऊच डिग्री खातो. लोकांना हे थोडं वाटतं, उतारावर बसलेल्याला वाटत नाही.

असो. डीलर गेले. रॅकवर तयार सेट पडून, पोलादवाल्याची उधारी, ड्रिल विकावं लागलं. काका दिवसा दुसरीकडे पाळी करून संध्याकाळी आमच्या लेथवर उभे राहायचे, पगाराचं नाव काढलं की विषय बदलायचे. मला तेव्हा वाटायचं त्याचा माल एकदा फसू दे, मग येतील सगळे परत. आणि फसला की. एका बागेत उतारावर त्याच्या चकतीचे स्टड एकामागून एक तुटले, चाक निघालं, ट्रॅक्टर आडवा झाला. ट्रॅक्टरला सुरक्षा चौकट, म्हणजे कलंडल्यावर ड्रायव्हरला चिरडू न देणारी लोखंडी कमान, होती आणि पट्टा लावलेला होता म्हणून तो चालत घरी गेला. पण लोक परत आले का? नाही. बाजारात बोललं काय गेलं, तर स्पेसर वाईट. कोणाचा स्पेसर, कॉलर होती का, कोणी विचारलं नाही. तो माणूस दुसऱ्या मालाकडे वळला, खोक्याचा रंग बदलला की झालं त्याचं. बुडायची वेळ आली ती आमची. याचा राग अजून आहे आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

त्या काळात एकच ग्राहक टिकून होता, आमचे मास्तर. रिटायर शिक्षक, उतारावर फळबाग, छोटा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर आणि मागं स्लॅशर, म्हणजे गवत कापायचं अवजार. मास्तरांनी बागेच्या प्रत्येक पट्ट्याचा उतार ओळंबा आणि कंपासपेटीतला कोनमापक लावून मोजून वहीत लिहिलेला, कुठल्या ओळीत दगड वर आलेत ते लाल पेनाने. तेच म्हणाले की तुम्ही भांडत बसू नका, मोजून दाखवा.

मग स्टँड बनवला. जुन्या ट्रकच्या चेसीचे चॅनल, एका कडेला बिजागऱ्या, दुसऱ्या कडेला जॅक. ट्रॅक्टर आडवा चढवायचा, ब्रेक लावायचा, सीटवर कोणी नाही, त्याऐवजी वाळूची पोती बांधलेली, आणि चढाकडून सैल साखळ्या, म्हणजे गेलाच तर साखळी धरेल. चढाकडच्या मागच्या टायरखाली वर्तमानपत्राचा कागद. जॅक थोडा थोडा वर घ्यायचा आणि काका कागद ओढून बघायचे. घट्ट, घट्ट, घट्ट, मग एका क्षणी कागद सळ्ळकन हातात. टायरवर वजनच उरलेलं नसतं. त्याच क्षणी मास्तर ओळंब्यावरची डिग्री वाचायचे. आणखी वर घेतलं की बॉडी पिनवर झुकते आणि पुढचा स्टॉपर ठक्कन वाजतो. तो आवाज ऐकल्यावर त्रिकोण समजावून सांगावा लागत नाही. मास्तरांचाच ट्रॅक्टर पहिला चढला, आणि टायर दबत असल्यामुळे कागद हिशोबाच्या थोडा आधीच सुटला. स्पेसर घातल्यावर किती उशिरा सुटतो ते डीलरना बोलावून समोर दाखवलं, कागद त्यांच्याच हातात दिला. एक आला, मग दुसरा. पुढची वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आता विषय निघालाच आहे तर थोडं सांगतो, कोणी विचारलेलं नाही तरी. स्पेसर घ्यायच्या आधी रिम उलटवून रुंदी वाढते का बघा, बऱ्याच ट्रॅक्टरची डिस्क खोलगट असते, फुकटात काम होतं. फक्त उलटवलेली चाकं डावी-उजवी बदला, नाहीतर टायरची नक्षी उलट्या दिशेने पडते. रुंदी वाढवली की चाक मोअरच्या (गवत कापायच्या अवजाराच्या) बाहेर जातं का ते तपासा, नाहीतर न कापलेलं गवत चाकाने लोळवत जाल आणि मग आम्हाला फोन कराल. मागच्या टायरमध्ये पाणी भरणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, व्हॉल्व वर ठेवून व्हॉल्वच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण ७५ टक्के. मीठपाणी किंवा कॅल्शियम क्लोराइड घालणाऱ्यांच्या रिम आम्ही बघितल्यात, हात लावला की पापुद्रे निघतात. मोअर वर उचलून उतारावर फिरू नका, चेक चेन (अवजार बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या) घट्ट ठेवा, डाव्या-उजव्या मागच्या चाकाचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना लॉक करा, उतारावर एकाच चाकाला ब्रेक लागला तर कुठलाही स्पेसर वाचवणार नाही. फोर व्हील असेल तर उतरताना घातलेलाच ठेवा, बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागं असतात. आणि चौकट. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरना ती १९५९ मध्येच सक्तीची केली, आणि आपल्याकडे अजून लोक फांद्या लागतात म्हणून काढून गोठ्यात टाकतात. तिला भोक पाडू नका, वेल्डिंग मारू नका, ती कामं आमच्याकडे आणलीत तर आम्ही करत नाही, रागावलात तरी.

काका आता लेथवर कमी असतात पण तपासणी त्यांचीच, कॉलरचा आवाज ते अजून ऐकतात. स्पेसर बसतो त्या तोंडांवर आम्ही रंग देत नाही, त्याला माल अर्धवट समजून परत पाठवू नका, रंगाचा थर दबला की नट सैल होतो. पहिला तासभर चालवल्यावर टॉर्क रेंचने परत आवळा, दिवस संपल्यावर पुन्हा एकदा. मागवताना हबचा बोअर (मधल्या भोकाचा व्यास), पीसीडी (स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास), स्टडची संख्या आणि आटा कळवा, बोअर टेपने नाही, व्हर्नियरने मोजून. "कुठल्याही मॉडेलचा द्या" म्हणणाऱ्याला आम्ही माल देत नाही.