कोल्हापूर–मालवण, फोंडा घाटातून: मुलं बरोबर असतील तर गाडीत काय असावं आणि कुठे

मार्ग ओळखीचाच आहे. रंकाळ्यावरून पुईखडी, परिते, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, मग कणकवली आणि मालवण. दिवाळीची सुट्टी, गाडीत दोन मोठी माणसं आणि तीन व आठ वर्षांची दोन मुलं. गाडीत सामान किती भरलं यापेक्षा ते कुठे ठेवलं, हे या वाटेवर जास्त महत्त्वाचं. डिकी रिकामी केल्याशिवाय जी वस्तू हाती येत नाही, ती ऐनवेळी नसल्यासारखीच.

म्हणून तयारी आदल्या दिवशी स्टेपनीपासून सुरू करावी. स्टेपनीची हवा वर्षभर कोणी बघत नाही आणि ती हळूहळू उतरत राहते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडा असतो, त्याहून दोन-तीन पीएसआय जास्त भरून ठेवावी. स्टेपनी बारीक, तात्पुरती असेल तर तिची हवा आणि वेगमर्यादा वेगळी असते. ती टायरवर छापलेली असते, बहुधा ताशी 80 किलोमीटर. उद्यमनगरातल्या गॅरेजात गाडी गेलीच असेल तर चारही चाकांचे नट एकदा हाताच्या पान्याने सोडून पुन्हा आवळून घ्यावेत. हवेच्या गनने आवळलेले नट घाटात गाडीच्या छोट्या पान्याला दाद देत नाहीत. जॅक, पाना, मागच्या गाड्यांना धोका दाखवणारा चमकता त्रिकोण आणि फूटभर लांब-रुंद, इंचभर जाडीची फळी एका पिशवीत घालून ती डिकीत सगळ्यात शेवटी, म्हणजे सगळ्यात वर ठेवायची. कडेच्या भुसभुशीत मातीत जॅक रुततो, फळी त्यासाठी.

सॉकेटचा त्रास मुलांच्या गाडीतच होतो. चार्जरच्या त्या गोल भोकात लहान मूल नाणं टाकतं. नाणं आतल्या टोकाला आणि कडेला एकदम टेकलं की शॉर्ट होऊन फ्यूज उडतो, आणि कोणाला कळतही नाही. कळतं ते पंक्चर झाल्यावर, हवा भरायचा पंप लावला आणि तो हूं की चूं करत नाही तेव्हा. आदल्या रात्री पंप लावून बघावा. नाणं दिसलं तर आधी फ्यूज काढावा, मगच नाणं. काही गाड्यांत चावी बंद असली तरी सॉकेटमध्ये वीज असते. फ्यूजबॉक्सच्या झाकणावर नकाशा असतो. तितक्याच अँपिअरचे दोन जादा फ्यूज तिथेच चिकटपट्टीने लावून ठेवावेत. 15 च्या जागी 30 चा घातला तर फ्यूज वाचतो आणि वायर जळते. पंप चालवताना इंजिन चालूच ठेवावं.

सकाळी निघताना मुलांना मिसळ नको. तेलकट, तिखट कट पोटात घेऊन घाट उतरणं मोठ्यांनाही जड जातं. पोहे किंवा दूध-भाकरी, तीही पोटभर नाही. परित्यापर्यंत आणि पुढेही हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या असतात, मागे दिवा असेलच असं नाही. म्हणून उजाडल्यावरच निघालेलं बरं. राधानगरीत टाकी, पाणी, लघवी उरकून घ्यावं. पुढे लक्ष्मी तलावाच्या कडेने दाजीपूरपर्यंत जंगल आहे, मोबाइलची रेंज भरवशाची नाही आणि गवे रस्त्यावर येतात. नकाशा आधीच उतरवून घ्यावा.

घाटात उलटी होणार हे धरूनच चालावं. मोबाइल बंद, नजर समोरच्या रस्त्यावर, काच चार बोटं खाली. समोरच्या सीटच्या मागच्या खिशात जाड पिशव्या, प्रत्येकीत जुन्या टॉवेलचा तुकडा घातलेला. तुकड्यामुळे पातळ शोषलं जातं, हिंदकळत नाही. उलटी पट्ट्याच्या बकलमध्ये गेली तर कोमट पाण्याने धुवावं. बकल खट्ट वाजलं तरी पट्टा ओढून बघायचा, कण अडकले तर अर्धवट बसतो. सीटवर खायचा सोडा टाकून रात्रभर ठेवला की वास बराच जातो. उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच. त्यातलंच प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देतच नाहीत.

उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच राहावं. ब्रेकचा जळका वास आला तर रुंद जागी थांबून तासभर नाही तरी अर्धा तास निवू द्यावं, चाकावर पाणी ओतू नये. पंक्चर झालंच तर पहिलं काम मुलांचं: एका मोठ्या माणसाने त्यांना घेऊन कठड्याच्या पलीकडे सुरक्षित जागा असेल तिथे, नाहीतर डोंगराच्या बाजूला, गाडीपासून लांब थांबायचं. त्रिकोण वळणाच्या अलीकडे लावावा, वळणानंतर लावलेला दिसत नाही. हँडब्रेक, उताराकडे तोंड असेल तर रिव्हर्स गिअर, पंक्चर चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करावेत, आवळताना समोरासमोरचे. कणकवलीला पोचल्यावर पुन्हा एकदा आवळावेत.

औषधांची डबी थंड जागी, डॅशबोर्डवर नाही. पॅरासिटामॉलचं सिरप 5 मिलीत 120 आणि 250 मिलीग्रॅम अशा दोन ताकदींत मिळतं. गडबड इथेच होते. मुलाचं वजन आणि डॉक्टरांनी सांगितलेले मिली बाटलीवरच लिहावेत. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अंदाजाने नाही. 24 तासांनंतर उरलेलं फेकून द्यावं. रुग्णवाहिकेसाठी 108, इतर सगळ्यासाठी 112, राष्ट्रीय महामार्गावर 1033.

दुसरी चावी गाडीत नाही, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या खिशात. मूल आत, चावी आत आणि दारं लॉक, हे मालवणच्या उन्हात होऊ शकतं. तेव्हा वाट बघू नये: मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच, तिच्या कोपऱ्यात टोकदार हातोडीने फोडावी. समोरची काच अशी फुटून पडत नाही.

परतीच्या आदल्या रात्री छतावरचा दिवा बघावा. मुलं खेळताना तो चालू करून ठेवतात आणि जुनी बॅटरी सकाळी उठत नाही. किनाऱ्यावरची वाळू बकलमध्ये आणि चाइल्ड सीटच्या खाचांत बसते, म्हणून सीट काढून झटकावी आणि पट्टा पूर्ण बाहेर ओढून पुसावा. 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे.