उजनीच्या काठावर गाडी आणि होडी

रेल्वे आणि होडी एकाच फोटोत पकडायला पहिल्या खेपेला आम्ही गुरुवारी गेलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. पहाटे साडेतीनला उठलो, थर्मास भरला, सोलापूरपासून एकशेतीस-पस्तीस किलोमीटर गाडी हाणली, उजनी धरणाच्या काठच्या केत्तूरच्या माळावर कॅमेरे लावले आणि वंदे भारतची वाट बघत बसलो. साडेसात झाले, पावणेआठ झाले. आठच्या सुमाराला हुतात्मा एक्स्प्रेस धडधडत गेली तेव्हा कुठे भाच्यानं मोबाइल काढून बघितलं. सोलापूरहून मुंबईला जाणारी वंदे भारत गुरुवारी नसते. मुंबईहून येणारी बुधवारी नसते. परत येताना मोहोळपर्यंत गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. हा वृत्तांत दुसऱ्या खेपेचा, शनिवारचा.

खूळ भाच्याचं. त्यानं कुठल्याशा परदेशी नदीचा फोटो दाखवला. पुलावरून रेल्वे चाललीय आणि खालून राखाडी रंगाची लढाऊ बोट. "मामा, आपल्याकडं असलं काय नाही का ओ?" आता सोलापूरला आरमार कुठून आणायचं? पण उजनीचा फुगवटा आहे, त्याच्या कडेनं मुंबईचा लोहमार्ग जातो आणि पाण्यात होड्या आहेत. भोयांच्या लाकडी होड्या, थर्माकोलचे तराफे, एका काठाची माणसं आणि मोटारसायकली दुसऱ्या काठाला नेणाऱ्या बोटी. शिवाय चोरून वाळू उपसणाऱ्या यांत्रिक बोटी, ज्या सापडल्या की महसूलवाले जिलेटिन लावून उडवतात. म्हणजे लढाईची कसर तेवढी तिथं भरून निघते. या वाळूच्या बोटी दिसल्या तर कॅमेरा पिशवीत ठेवा, एवढंच सांगतो.

तिसरे भिडू आमच्या शेजारचे गार्डकाका. रेल्वेत गार्ड म्हणून पस्तीस वर्षं काढली. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण काका गार्ड म्हणूनच निवृत्त झाले आणि गल्लीतही तेच नाव राहिलं.

संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा, आमची गड्ड्याची जत्रा, उरकून आठवडा झाला होता. थंडी बरी होती. चारला निघालो. मोहोळ, टेंभुर्णी आणि तिथून करमाळ्याच्या रस्त्यानं जेऊर. टेंभुर्णीपर्यंत महामार्ग आहे, काही त्रास नाही. खरी सावधगिरी पुढे. जानेवारी म्हणजे गाळपाचा हंगाम, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात चाललेले असतात आणि मागच्या ट्रॉलीला लाल दिवा सोडा, चकाकणारी पट्टीसुद्धा नसते. दोनदा ब्रेक करकचून दाबावा लागला. या पट्ट्यात साठच्या वर जाऊ नका. उजाडायच्या आत पोचायचं असेल तर अर्धा तास लवकर निघा, वेग वाढवू नका. जेऊरच्या पुढे आतले रस्ते अरुंद आहेत. वाशिंबे किंवा पारेवाडी स्टेशन विचारलं की कोणीही सांगतं. पारेवाडी स्टेशन म्हणजे केत्तूरच. मूळ गाव धरणात गेलं, नवं गाव वर वसलं.

आता जागेबद्दल. बहुतेक जण पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहतात आणि तिथून रुळांकडे कॅमेरा करतात. सकाळी हे चुकतं, कारण सूर्य समोर येतो आणि गाडी काळी ठिक्कर पडते. या टप्प्यात लोहमार्ग ढोबळमानानं आग्नेयेकडून वायव्येकडे जातो आणि भीमेचं पाणी त्याच्या नैऋत्येला. म्हणून उलट्या बाजूला, गावाच्या अंगाला थांबायचं, आणि सपाटीवर नाही, टेकाडावर. खाली उभं राहिलं तर भराव आणि डबे मिळून सगळं पाणी झाकून टाकतात. दोन पुरुष उंचीचा चढ मिळाला तरी गाडीच्या टपावरून पाणी दिसायला लागतं आणि सूर्य तुमच्या डाव्या खांद्यावर येतो. आम्हाला ही अक्कल गुरुवारी आली होती, तेवढाच त्या दिवसाचा फायदा.

२०२२ मध्ये भिगवण–वाशिंबे दरम्यानचं दुहेरीकरण झालं आणि विजेच्या ताराही आल्या, त्यामुळे जुन्या फोटोंत दिसतं तसं मोकळं दृश्य आता नाही. खांब आणि तारा फोटोत येणारच. त्या टाळायच्या खटपटीत रुळांजवळ सरकू नका. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तिपाई, काठी, मोठी छत्री असलं काही उंच धरून तिच्या आसपास फिरायचं नाही. विनापरवाना रुळांच्या हद्दीत शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. सत्तर ते तीनशेची लेन्स असली की आत शिरायची गरजच पडत नाही. ड्रोन घरी ठेवा. आणि खाली भीमानगरला धरणाच्या भिंतीचे फोटो काढायला जाऊ नका, तिथं मनाई आहे.

सातच्या सुमारास उजाडलं. पाण्यावर धुकं होतं आणि धुक्यातून फक्त वल्ह्यांचा आवाज येत होता. काका स्टेशनकडच्या सिग्नलवर नजर ठेवून बसले होते. "पडला," ते म्हणाले. खांबावरचा हात खाली पडणारे जुने सिग्नल जाऊन रंगीत दिवे येऊन कितीतरी वर्षं झाली, पण गाडीला वाट मिळाली की काकांच्या लेखी सिग्नल अजून 'पडतो'च. ही युक्ती मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: सिग्नल दिसेल अशी जागा धरा, म्हणजे गाडी यायच्या आधी तुम्हाला तयारीला वेळ मिळतो. मोबाइलवर गाडीचं ठिकाण कळतं, पण नेट इथं येऊन-जाऊन असतं.

वंदे भारत सोलापूरहून सहा-पाचला सुटते आणि कुर्डुवाडीला थांबते. आमच्यापुढे ती साडेसातच्या आत आली. आली म्हणेपर्यंत गेली. मी हजारांश सेकंदाचा वेग लावला होता, तरी पहिले चार फोटो वाया गेले, कारण मुंबईकडं जाणाऱ्या गाडीचं तोंड सकाळी सावलीत असतं. पांढरी गाडी निळसर, मेलेल्या माशासारखी दिसत होती. भाचा हुशार. त्यानं तोंडाचा नाद सोडला आणि गाडी पुढे गेल्यावर मागून काढले. वंदे भारतला दोन्ही टोकांना सारखंच तोंड असतं आणि मागच्या तोंडावर कोवळं ऊन अगदी समोरून पडलं होतं. फोटो झकास. काकांनी स्क्रीन डोळ्याजवळ नेऊन बघितली आणि म्हणाले, "लाल दिवा दिसतोय की रे. शेपूट आहे हे." भाचा म्हणाला, लोकांना काय कळतंय. काका म्हणाले, मला कळतंय की.

होडी मात्र त्यात नव्हती. धुकं होतं तोवर होड्या दिसत नव्हत्या, आणि धुकं विरलं तेव्हा गाडी नव्हती. आठच्या सुमाराला हुतात्मा आली. सोलापूरकरांना या गाडीबद्दल वेगळी माया आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या आपल्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं, त्यांच्या आठवणीचं हे नाव. काका टोपी काढून उभे राहिले. मी फोटो काढला तो गाडीचा नाही, काकांचा.

नंतर रुळांवरून चावीवाला आला. खांद्यावर पाना, हातात हातोडा, रोज सकाळी आपला टप्पा चालत तपासणारा माणूस. आम्हाला बघून थांबला, खालूनच विचारलं काय चाललंय. काकांनी ओळख सांगितल्यावर मोकळा झाला. फोटो काढा, पण खडीवर पाय नको, म्हणाला. जाता जाता असंही म्हणाला की पारेवाडीला सोलापूरकडं जाणारी एक मालगाडी उभी करून ठेवलीय, आता सोडतील. त्याच्या या एका वाक्यानं आमची सकाळ वाचली. असा माणूस भेटला तर दोन शब्द बोला, चहा द्या.

मालगाडी रिकामी होती, कंटेनरचे सपाट वॅगन. उभी राहून सुटलेली, त्यामुळे चाल बैलगाडीची. सोलापूरकडं येणाऱ्या गाडीच्या तोंडावर सकाळी ऊन असतं, त्यामुळे इंजिन लख्ख उजळलेलं. त्याच्यामागे अर्ध्या किलोमीटरची नुसती सपाट पट्टी आणि त्या पट्टीच्या वर, डबे नसल्यामुळे उघडं पडलेलं अख्खं पाणी. त्या पाण्यात एक होडी. एक माणूस बसून वल्हवतोय, दुसरा उभा राहून जाळं ओढतोय. भाचा ओरडला, मामा, आरमार! घाई करायची गरजच नव्हती. मी लेन्स बदलली, पुन्हा बदलली, तरी गाडी संपली नव्हती. ज्या गाडीसाठी दोन खेपा घातल्या तिचे फोटो चार सेकंदांत आटोपले, आणि जिची वेळ कुठल्याच वेळापत्रकात नाही तिनं तीन मिनिटं दिली. तुम्ही जाणार असाल तर वंदे भारत गेली की सामान आवरू नका. साडेनऊपर्यंत बसा.

दहाला तिथून उठून कोंढारचिंचोलीला गेलो, डिकसळचा जुना पूल बघायला. पुण्याहून निघालेली रेल्वे डिसेंबर १८५८ मध्ये डिकसळपर्यंत येऊन थांबली होती. भीमा ओलांडून बार्शी रोडला, म्हणजे आताच्या कुर्डुवाडीला, पोचायला १८५९ चा ऑक्टोबर उजाडला आणि सोलापूरला गाडी लागली ती जून १८६० मध्ये. उजनी १९८० मध्ये पुरी झाली. धरणासाठी लोहमार्ग हलवला, पोमलवाडीसारखं जुनं स्टेशन पाण्यात गेलं आणि रेल्वेचा दगडी पूल इंदापूर–करमाळ्याच्या रस्त्याला आला. आता तोही थकलाय. आम्ही गाडी अलीकडे लावून चालत गेलो, तुम्हीही तसंच करा, आणि कठड्यावर चढून सेल्फी काढणाऱ्यांत सामील होऊ नका. पुलाच्या कमानीखालून होडी जाते तेव्हा फोटो चांगला येतो, पण त्यासाठी ऊन वर चढण्याआधी पोचायला हवं. आम्हाला उशीर झाला. खाली सगळं पांढरं फटक.

होडीत बसायचं असेल तर भिगवणच्या बाजूला, कुंभारगाव-डिकसळला, पक्षी दाखवणारे नावाडी आहेत. पैसे आधी ठरवा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या. नाही म्हणाले तर बसू नका. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगाव–कळाशी दरम्यान वादळात बोट उलटून सहा जण गेले. सकाळी आरशासारखं दिसणारं हे पाणी उन्हाळ्यात दुपारनंतर क्षणात उठतं. भोई लोक ढग बघून जाळं गुंडाळतात. ते काठाला लागले की तुम्हीही लागा.

रोहित पक्ष्यांसाठी (फ्लेमिंगो) येत असाल तर जानेवारीत हिरमोड होऊ शकतो. धरण भरलं की साधारण ११७ टीएमसी पाणी असतं आणि काठ गवतापर्यंत बुडालेले असतात. पाणी उतरून चिखल उघडा पडायला लागला की त्यांची गर्दी वाढते. गाडी, होडी आणि रोहित असे तिन्ही एका फोटोत हवे असतील तर फेब्रुवारी-मार्च धरा. तेव्हा पाणी रुळांपासून मागे सरकलेलं असतं, म्हणजे लेन्स मोठी लागेल. आमच्या नशिबी चित्रबलाक आणि शेकाट्या होते, तक्रार नाही.

खाण्याचं म्हणाल तर सकाळी केत्तूरला काही मिळेल या भरवशावर राहू नका. आम्ही घरून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही नेलं होतं. कडक भाकरीचा फायदा असा की ती कॅमेऱ्याच्या पिशवीत मोडली तरी कोणाला कळत नाही. दुपारी मासे खायचे तर भिगवण गाठा. चिलापी स्वस्त आणि काटे कमी, मरळ मिळाली तर सोडू नका. अजून एक: थंडीत गार झालेला कॅमेरा हीटर लावलेल्या गाडीत नेलात तर बसल्या बसल्या पिशवीतून काढू नका, लेन्सवर दव धरतं. बंद पिशवीतच त्याला हळूहळू गाडीची ऊब लागू द्या. माझा परतीचा पहिला अर्धा तास रुमालानं काच पुसण्यात गेला.

निघताना काठावर तो जाळंवाला भेटला. भाच्यानं त्याला फोटो दाखवला, मोबाइलवर पाठवलाही. त्यानं बोटांनी मोठा करून करून बघितला. इंजिनाकडं त्याचं लक्षच नव्हतं. मग म्हणाला, "ह्या फोटोत जाळं रिकामं दिसतंय ओ. नंतर भरलं होतं. तवा काढायचा होता."