वर दिसतो तो पाव

माझ्या कादंबरीमालिकेचे तीन भाग आले, आणि तिन्ही वेळा वाचकांनी पहिला प्रश्न तोच विचारला: हे जग तुम्हाला सुचलं कुठून? रानात बुडालेली राजधानी, सपाट मुलखात एकट्याच उभ्या डोंगरावरची देवी, मगरींची नदी आणि तिच्या काठाला धरून राहणारी माणसं. कुणाला तो हिमालय वाटतो, कुणाला कंबोडिया. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हे सगळं बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरच्या आत आहे. पावागड, त्याच्या पायथ्याचं चांपानेर आणि त्या डोंगरात उगम पावून आमच्या शहरातून वाहणारी विश्वामित्री.

आमचं घर दांडिया बाजारात. पावसाने हवा धुऊन निघाली की अगाशीवरून (बडोद्याचे मराठी लोक गच्चीला अगाशीच म्हणतात) पूर्वेकडे पावागड दिसायचा. आजी पापड वाळत घालता घालता थांबायची, हात जोडायची आणि म्हणायची, ‘‘वर दिसतो तो पाव हिस्सा गं. तीन पाव खाली आहे.’’ विश्वामित्र ऋषींची गाय दरीत पडली, म्हणून ती दरी डोंगराने बुजवली आणि पाव डोंगर तेवढा वर उरला, अशी कथा या भागात सांगतात. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. बाकीच्या तीन पाव डोंगरात काय असेल, हा विचार डोक्यातून कधी गेलाच नाही.

आमच्या घरी कालिका मातेला दरवर्षी जायची रीत होती. माचीपर्यंत बस, पुढे पायऱ्या. आजी उडनखटोल्यात (रोपवेत) कधी बसली नाही. चढताना दगडाचा रंग बदलतो, हे तिनेच मला दाखवलं. खाली सह्याद्रीसारखा काळा बसाल्ट आणि वर पिवळट, तांबूस खडक. त्या खडकाला रायोलाइट म्हणतात, हे मी पुढे शिकले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा ओतत होता, त्याच काळातला हाही खडक, पण याचा लाव्हा चिकट आणि सिलिकाने भरलेला होता. माझ्या राजधानीच्या वाटेवर पायाखालची जमीन रंग बदलते ती इथूनच.

शापाची गोष्ट मात्र मला डोंगराने दिली नाही, नवरात्राने दिली. पावागडच्या शेवटच्या राजाला इथे पताई रावळ म्हणतात. देवी बाईचं रूप घेऊन गरब्यात आली, राजाने तिचा पदर धरला आणि तिने राज्य बुडेल असा शाप दिला. गल्लीतल्या बायका ही कथा सांगताना ‘पदर धरला’ या शब्दांपाशी आवाज खाली आणायच्या. इतिहास सांगतो की गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने दीड वर्षाहून जास्त वेढा घालून 1484 मध्ये गड घेतला. मग पायथ्याशी त्याने नवी राजधानी उभारली: मशिदी, तट, तलाव, वावा म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी. 1535 मध्ये हुमायूनची माणसं कड्यात लोखंडी खुंट्या ठोकत गडावर चढली. पुढे राजधानी अहमदाबादला परतली आणि चांपानेरवर रान आलं. पन्नास वर्षंसुद्धा धड न नांदलेलं शहर. 2004 मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक वारशात नोंद केली, तरी सकाळी लवकर गेलात तर जामी मशिदीच्या जाळ्यांतून येणारं ऊन आणि पोपट, एवढंच सोबतीला असतं. ते खांब नीट बघा. मंदिरं घडवणाऱ्या हातांनीच ते कोरले आहेत, असं मला दर वेळी वाटतं.

नदीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. बडोद्याबाहेरच्या माणसाला सांगितलं की आमच्या शहराच्या मधोमध, काळा घोडा पुलाखाली, कामाटीबागेला लागून मगरी ऊन खात पडलेल्या असतात, तर त्याला ती माझ्या पुस्तकातलीच गोष्ट वाटते. त्या खऱ्या आहेत आणि त्यांना घर दुसरं नाही. एका जूनमध्ये मी पलीकडच्या काठावरून बघितलं: मादीने माती उकरली, जबडा हळू उघडला आणि हाताच्या पंजाएवढी पिल्लं तोंडात घेऊन ती पाण्याकडे गेली. अंड्यातून पिल्लांचा आवाज आला की ती घरटं उकरते. ज्या जबड्याने ती कुत्रं ओढून नेते, त्याच जबड्यात. दुसऱ्या भागातली नदीची राणी मी त्या रात्री लिहायला घेतली.

2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली. आमच्या तळमजल्यावर चार दिवस पाणी होतं, आजीची जुनी पेटी गेली. मगरी सोसायट्यांच्या आवारात आल्या. लोक घाबरले, आणि घाबरणं साहजिकच होतं. पण नदी तिच्या जागेवर आली होती, जागा आपण घेतली होती. काठ भरून, कोतरं म्हणजे नदीकाठच्या घळी बुजवून आपण बांधत गेलो. मगरी इथून हलवा असं कुणी म्हणालं की माझा जीव तुटतो.

चौथ्या भागात माझी पात्रं पहिल्यांदाच डोंगराखाली उतरणार आहेत. वाट सापडत नव्हती. गेल्या महिन्यात चांपानेरच्या गोल वावेपाशी गेले. तिचा जिना सरळ जात नाही, विहिरीच्या भिंतीला धरून घेर घेत खाली उतरतो, एका वेळी एकच माणूस जाईल एवढा रुंद. अर्ध्यावर वरचा आवाज बंद झाला. भिंतीला हात लावला तर दगड गार आणि ओलसर होता. तिथेच पायरीवर बसून पहिलं पान लिहिलं.